चौदावे कलम

१६ नोव्हेंबर १९३१, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली, आणि तिच्याबरोबर मी ही कोरी वहीही उघडली. लोकल बोर्डाच्या शाळेत पस्तीस वर्षे मुलांची हजेरी मांडली; स्वतःची एकदाही मांडली नाही. पेन्शन घेऊन घरी बसलो तेव्हा वाटले होते, आता आंब्याखाली खुर्ची टाकायची, जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता काढायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या. सात वर्षे तसे केलेही. मग यंदा जूनमध्ये रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावरच्या बंगल्यात कॅथलिक सिस्टरांनी मुलींची शाळा काढली. त्यांना मराठी शिकवायला वयस्क मनुष्य हवा होता. चौसष्टाव्या वर्षी मी पुन्हा मास्तर झालो.

राजाभाऊ, कचेरीतून पेन्शन घेतलेले माझे बाळपणीचे स्नेही, संध्याकाळी समुद्रावर भेटतात आणि रोज माझा गळा तपासतात. "बघू हरिहरपंत, अजून जानवेच आहे ना? की क्रूस आला?"

"अहो, त्या बायकांना माझ्या धर्मापेक्षा माझ्या अक्षराची काळजी जास्त," मी म्हणालो. खरेच आहे ते.

मुख्य आहेत त्या मदर क्लोटिल्ड, बेल्जम देशाच्या. सकाळी फाटकात उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला नावाने हाक मारतात. त्रेचाळीस मुली, त्रेचाळीस नावे. 'जनी'ची 'जानी' होते, पण एकही चुकत नाही. आमच्या लहानपणी पंतोजी दारात उभे राहत ते उशिरा येणाऱ्यांसाठी, आणि हातात छडी असे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

मदरनी आज एक लहानसे पुस्तक हातात दिले. त्यांच्या संस्थेच्या शाळा जगात जिथे जिथे आहेत तिथे शिक्षकांनी कसे वागावे याचे नियम त्यात आहेत, बावीस कलमे. ती मराठीत करायची. एकोणीस डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीपूर्वी, शाळेचा समारंभ आहे. मुलींचे आईबाप येतील, त्यांच्यापुढे ती वाचायची. मदर इंग्रजीत बोलतात, मी माझ्या जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीत उत्तर देतो. म्हणाल्या, "त्यांच्या मुलींशी कसे वागायचे आम्ही कबूल केले आहे, ते त्यांना कळायला हवे."

घरी येऊन लगेच बसलो. पहिले कलम, मुले येण्यापूर्वी शिक्षकाने यावे. सोपे. चौथे, रागाच्या दिवशी शिक्षा देऊ नये. हे लिहिताना हसू आले. आमच्या तात्या पंतोजींनी हे पाळले असते तर वर्षात कोणालाच शिक्षा झाली नसती. सहावे, मधल्या सुट्टीत शिक्षकाने मुलांत बसावे. त्यामुळेच तर मी हल्ली फणसाखाली बसतो आणि मुली मला सागरगोट्यांत हरवतात.

नववे काही पटले नाही. प्रत्येक मुलीच्या घरी एकदा तरी जावे आणि तिच्या घरची हकीकत वहीत लिहून ठेवावी. शिक्षक म्हणजे काय पोलीसपाटील? मदरच्या दुभाष्या सिस्टर रोझालिया, मालवणकडच्या, माझ्या मागे लागल्या आहेत. "गुरुजी, बोर्डिंगातल्या मुलींच्या वहीत तुमचो रकानो अजून कोरोच आसा!" मी म्हणालो, बघू, पाय जरा बरे होऊ देत. पाय तसे बरेच आहेत.

२५ नोव्हेंबर, बुधवार

समारंभासाठी चौथीच्या वर्गाने एक कविता म्हणावी असे ठरले. कोणती, ते माझ्यावर सोपवले. मी 'रघूची होडी' दिली.

इथे खरे लिहायला हरकत नाही. ती माझी आहे. बावीस वर्षांचा असताना भाट्याच्या खाडीवर तरीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा केलेली. पोरांना शाळेत नेणारी होडी वादळात सापडते आणि रघू नावाचा तांडेल त्यांना गाणे म्हणत म्हणत पैलतीरी नेतो, एवढीच गोष्ट. एका मासिकाकडे पाठवली होती, परत आली. त्यानंतर ती उमेखेरीज कोणाला दाखवली नाही. उमेला ती फार आवडे. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

फळ्यावर खाली लिहिले, 'कवी अज्ञात'.

मदरनी विचारले, "कवी तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही. फार जुनी कविता आहे," मी म्हणालो.

"तुम्ही पुस्तक न उघडता लिहिलीत, म्हणून विचारले," असे म्हणून त्या गेल्या. स्मरणशक्तीचे कौतुक असावे.

आज दिवा लावताना उमेची आठवण आली. संध्याकाळी ती देवापुढे स्तोत्र म्हणे. देवाच्या एका नावापाशी आली की थांबे, नुसती मान हलवी आणि पुढे जाई. मी ओसरीवरून ओरडत असे, "गाळलेस की!" आत भांडे आपटल्याचा आवाज होई. किती साधे दिवस होते.

२८ नोव्हेंबर, शनिवार

चिमाने दोन दिवसांत अख्खी कविता पाठ केली. ही अकरा वर्षांची मुलगी पालीच्या पुढच्या एका वाडीतली, शेतकऱ्याच्या घरची. बाप मुंबईला गिरणीत. सिस्टर रोझालियांची आणि तिच्या आईची पालीच्या बाजारात ओळख झाली, आणि पोरगी बोर्डिंगात आली. वर्गात पहिल्या बाकावर बसते. आठवे कलमच आहे तसे, की घरी शिकवणारे कोणी नाही ते मूल पुढे बसावे. आवाज खणखणीत. समारंभात शेवटची चार कडवी तिने एकटीने म्हणायची असे मी ठरवून टाकले.

१ डिसेंबर, मंगळवार

भाषांतर चौदाव्या कलमापाशी अडले. इंग्रजीत सरळ आहे: शिक्षकाकडून मुलावर अन्याय झाला, तर ज्यांच्यापुढे झाला त्यांच्यापुढेच त्याने मुलाची क्षमा मागावी.

हे आईबापांपुढे वाचायचे? गुरूने शिष्याची क्षमा मागायची, तीही भर वर्गात? दुसऱ्या दिवशी त्या वर्गात कोण ऐकेल त्याचे? बेल्जम देशात चालत असेल. राजाभाऊंना सांगितले तर हसून हसून वाळूत बसले. "मग आपल्या तात्या पंतोजींना वैकुंठातून परत बोलवा. माझीच चाळीस वेळा क्षमा मागायची आहे त्यांना!"

कलम गाळले. पंधराव्याला चौदावा आकडा घातला आणि पुढे सलग नेले. एकवीस झाली. मदरना मराठी वाचता येत नाही, आणि मोजायला कोण बसले आहे? कागद सिस्टर रोझालियांकडे सुवाच्य नक्कल करायला दिले. त्यांनी ते दोनदा चाळले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि ठेवून दिले. अक्षर लागत नसावे.

३ डिसेंबर, गुरुवार

काहीतरी बिनसले आहे. चिमा कविता म्हणते, पण दोन ठिकाणी शब्द बदलते. माझ्या ओळी अशा:

वारा सुटला, पाणी उठले, होडी लागे डोलू;
रघू म्हणे मग, 'भिऊ नका रे, गाणे आता बोलू.'

ही म्हणते, 'तांडेल म्हणे, भिऊ नका रे'. मी थांबवले. "फळ्यावर काय आहे?" गप्प. "परत म्हण." परत तेच, 'तांडेल म्हणे'. आणि शेवटी,

पैलतिरी मग उतरुन सारी पोरे गेली शाळे;
रघू एकला वल्ही टेकुन पाणी बघतो काळे.

इथे ती 'तोच एकला' म्हणते. पाठांतर चुकत असावे म्हणावे तर बाकीची एक मात्राही ढळत नाही. मी विचारले, "तुला माझी, म्हणजे ही कविता आवडत नाही का?" तिने जोरात मान हलवली. आवडते की नाही, तेही कळले नाही.

९ डिसेंबर, बुधवार

काल सिस्टरांच्या सणाची सुट्टी होती, आज तालीम घेतली.

चिमा उभी राहिली आणि पुन्हा 'तांडेल म्हणे'. माझे डोके फिरले. बेचाळीस वर्षे जपलेली ओळ. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या कवितेत हात घालणारी तू कोण? नाव आहे तिथे नाव म्हणायचे. म्हण, रघू!" ती जमिनीकडे बघत राहिली. कान लाल झाले होते. मी म्हणालो, "भात कांडायच्या घरात कविता कुठून शिरणार? उगाच पहिल्या बाकावर बसवली." मुली हसल्या. तिला दाराकडे तोंड करून तास संपेपर्यंत उभी केली आणि तिची कडवी कुसुमला दिली.

हात लावला नाही. छडी तर त्या शाळेत नाहीच. कलमाबाहेर काही केले असे वाटत नाही.

(रागाच्या दिवशी शिक्षा देऊ नये, हे चौथे कलम आहे. पण तो राग नव्हता. कवितेची शिस्त होती.)

११ डिसेंबर, शुक्रवार

चिमा गेली. काल पालीकडचा कोणी गाडीवान आला होता. त्याच्याबरोबर ती ट्रंकेसकट घरी निघून गेली. सिस्टरांना म्हणाली, "मला ती कविता म्हणता येत नाही. मग राहून काय करू?"

मदर मला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. उत्तर तयार होते. त्यांनी नुसती बोर्डिंगची वही आणून माझ्यापुढे उघडली. चिमाच्या पानावर सिस्टर रोझालियांच्या अक्षरात दोन ओळी: 'आई मैना. पोर वाचण्यात हुशार. घरचे काहीतरी सांगत नाहीत. विचारले की विषय बदलतात.' खाली घरभेटीचा रकाना. त्यात, 'मराठीचे शिक्षक जातील.' तारीख कोरी.

"उद्या तुम्हाला मोटार मिळेल का?" एवढेच विचारले त्यांनी.

उद्या नाही, रविवारी जातो म्हणालो. एक दिवस पुढे ढकलल्याने काय साधले, कोण जाणे.

१३ डिसेंबर, रविवार

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पालीला उतरलो. तिथून दीड कोस चालत. कापणी संपलेली, खाचरांत नुसते खुंट, कातळावर वाळत घातलेले गवत. वाटेत दोनदा बसलो आणि दोनदा परत फिरावे असे मनात आले.

वाडीतले शेवटचे घर. अंगणात मैनाबाई भात पाखडत होती. चिमा मला बघून आत पळाली.

"मास्तर! एवढ्या लांब पायी आलाव?" तिने घोंगडे टाकले, गुळपाणी दिले. रागाचा शब्द नाही. मग सूप बाजूला ठेवून समोर उकिडवी बसली. "काय वो केलान पोरीनं? काय सांगत न्हाय. नुसती रडते."

मी सांगितले. कवितेत एक नाव आहे, ते ती म्हणत नाही, त्या जागी दुसरेच घालते.

"कसलं नाव?"

"रघू," मी म्हणालो.

मैनाबाईने तोंडाला पदर लावला. आधी वाटले रडते, हसत होती. मग खरेच रडू लागली.

"अवो मास्तर, ती कशी घेनार त्ये नाव? तिच्या दादल्याचं हाय त्ये!"

मग ती सांगत गेली. लग्नाच्या वयाचा नवा कायदा येणार, मग सरकार लग्ने मोडते आणि बापाला धरून नेते, अशी आवई वाडीत उठली होती. तेव्हा कायदा लागू व्हायच्या आधीच्या शिमग्यात शेजारच्या वाडीतल्या रघूशी चिमाचे लग्न उरकले. पोरगी नऊ वर्षांची. पोरगा मुंबईला गिरणीत. शाळेत घालायच्या वेळी गळ्यातले काढून फडताळात ठेवले, कोणी साहेब आला आणि विचारले तर? आणि पोरीला बजावले, लग्न झाले म्हणून कोणाला बोलायचे नाही. आता ती काय करील बिचारी? नाव घ्यायची सोय नाही आणि का घेत नाही ते सांगायचीही सोय नाही.

"तिकडनं कागद येतो," मैनाबाई म्हणाली, "तर तीच वाचून दाखवते आमाला. शेवटाला नाव आलं की गप. नुसतं बोट ठेवते."

त्या क्षणी मला उमेची मान हलताना दिसली. देवाच्या एका नावापाशी. माझे नाव हरिहर, आणि ती बाई तीस वर्षे देवापुढेसुद्धा 'हरि' म्हणाली नाही. ओसरीवर बसून मी रोज हसलो. सिस्टर रोझालियांना रघू कोण ते ठाऊक नव्हते, मदरना तर ही रीतच ठाऊक नाही. त्या अख्ख्या बंगल्यात हे ओळखण्याजोगा एकटा मी होतो.

मैनाबाईला सांगितले, कायद्याच्या आधीचे लग्न, त्याला कोणी काही करत नाही, गळ्यातले खुशाल घालू दे. तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की सुपातला कोंडा उडाला. "दीड वरीस जीव मुठीत धरून हाय मी, मास्तर!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "साळंत हाय म्हनून सासरा गप हाय. घरी बसली आसं कळलं की शिमग्याला न्हेतील. मग ढोरं आनि शेन. मला वाटत होतं, अजून दोन वर्सं तरी शिकंल."

दाराआड चिमाचा परकर दिसत होता. मी तिकडे बघून म्हणालो, "चिमा, माझे चुकले. उद्या ये."

परकर हलला नाही. मैनाबाईने मान हलवली. "हितं माझ्याफुडं बोलून काय उपेग? तिला बोललाव त्या पोरींच्या फुडं. हासल्या त्या पोरी. मग तिथंच बोलायला नको?"

अक्षर न ओळखणारी बाई. मी गाळलेले कलम तिने मला शब्दाला शब्द ऐकवले.

"मंगळवारी गाडी जाते रत्नागिरीला," ती म्हणाली. "पाठवू काय? तुमी सांगा."

मी हो म्हणालो. म्हणून तर बसलो, पण परतीच्या मोटारीत सगळी वाट वर्गात काय बोलायचे ते जुळवत होतो.

१४ डिसेंबर, सोमवार

शाळेत गेलो नाही. पोट बिघडले असे कळवले. बिघडलेले नव्हते.

राजाभाऊ समाचाराला आले. सगळे सांगितले. आज हसले नाहीत. काठीने अंगणात रेघा ओढत बसले आणि म्हणाले, "तात्या पंतोजींनी एकदा माझी पाटी फोडली होती, आठवते? सदूच्या चुकीसाठी."

"आठवते."

"एकदा जरी म्हणाले असते ना, हरिहरपंत..." आणि उठून गेले. चहाही घेतला नाही. साठी उलटलेला माणूस.

१६ डिसेंबर, बुधवार

झाले एकदाचे.

चिमा काल संध्याकाळीच आली होती. आज गळ्यात काळी पोत. मुलींनी एकमेकींना कोपर मारून पाहिली. ती आपण होऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

काल घरी भाषण लिहून काढले होते, संस्कृत शब्दांसकट. वर्गात उभा राहून कागद उघडला, आणि तसाच घडी करून खिशात घातला.

"मुलींनो," मी म्हणालो, "गेल्या बुधवारी मी चिमाला तुमच्यापुढे वाईट बोललो. तिच्या घराविषयी बोललो. तिचे काही चुकले नव्हते. माझे चुकले. चिमा, मला क्षमा कर."

कोणी हसले नाही. पस्तीस वर्षे अधिक सहा महिन्यांच्या नोकरीत इतका शांत वर्ग मी पाहिला नव्हता. मला वाटले होते, आता यांच्यावरची माझी सत्ता संपली.

चिमा उभी राहिली. "गुरुजी, पुढं बसू?"

"बस की ग! तुझाच बाक आहे."

ती पुढे आली. मी खुर्चीत बसून घेतले. कुसुम म्हणाली, "गुरुजी, पाणी आणू?" आणि चिमाकडे वळून, "घे बाई तुझी कडवी. मला नाहीच पाठ होत होती."

मग जनीने तोंड उघडले. "गुरुजी, का म्हणत नव्हती ते कळलं आम्हाला. आम्हीच विचारलं रात्री." म्हणजे आख्ख्या बोर्डिंगाला ठाऊक झाले होते! मी म्हणालो, आपण कवितेतले नाव बदलून टाकू. त्यावर एकच गोंधळ. "सदू ठेवा!" "नको, सदू माझा मामा." "केरू ठेवा, केरू कोणाचाच कोणी नाही." "आमच्या कुत्र्याचं नाव केरू!" सगळ्या पोट धरून हसल्या, चिमासुद्धा. पण मात्रांत बसते का ते कवीला विचारायला हवे, असे एक जण म्हणाली, आणि का कोण जाणे, त्या पुन्हा हसल्या.

शेवटी चिमाच म्हणाली, "राहू दे गुरुजी. सगळ्यांनी तसंच म्हणावं. मी माझं म्हणते."

तास संपल्यावर एकटा बसून तिची ओळ मात्रा मोजून पाहिली. 'रघू म्हणे मग', आठ. 'तांडेल म्हणे', आठ. त्यातला 'मग' मी बाविसाव्या वर्षी जागा भरायला घातला होता हे मला चांगले आठवते. हिने तो काढून टाकला. आणि 'तोच एकला'! सगळी पोरे गेली, राहिला तो तोच. बेचाळीस वर्षांत मला हे सुचले नाही.

मदर त्या वेळी बागेत गुलाबाला पाणी घालत होत्या, वर्गापासून अगदी लांबच्या टोकाला. योगायोगाने का होईना, त्यांनी काही ऐकले नाही, हे बरे झाले.

आज भूक लागली. आठवड्यात पहिल्यांदा.

१९ डिसेंबर, शनिवार

समारंभ पार पडला. मांडवात दोनशे माणूस. मैनाबाई वाडीतल्या सहा बायका घेऊन आली होती, आणि सिस्टर रोझालियांनी तिला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवले.

चिमाने कडवी म्हटली. 'तांडेल म्हणे' आले तेव्हा त्या सहाही बायकांनी पदर तोंडाला लावले. मग सगळ्या वर्गाने मिळून तीच ओळ 'रघू म्हणे मग' अशी घेतली, तेव्हा चिमा ओठ मिटून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि गालावर खळी. राजाभाऊ माझ्याशेजारी होते. मला चिमटा काढून म्हणाले, "कोणाची हो कविता?" मी म्हणालो, अज्ञात. "हं," म्हणाले, "अज्ञात रडतोय, त्याला रुमाल द्या."

जाताना मदर म्हणाल्या, "तुमच्या त्या कवीला कळवा, मुलींनी फार सुंदर म्हटली."

"पत्ता मिळाला तर कळवीन," मी म्हणालो.

"मिळेल," त्या म्हणाल्या.

मैनाबाई फाटकात थांबली होती. "सासरा आलाय मास्तर, मागं हुबा हाय बघा, फेटेवाला. म्हनतो, पोरीचा आवाज चांगला हाय, शिकू दे अजून. त्यालाच आता कागद वाचून हवेत!" ओंजळभर नवे पोहे तिने माझ्या उपरण्यात ओतले.

एक लिहायचे राहिलेच. सकाळी, कलमे वाचण्यापूर्वी, मी धीर करून सिस्टर रोझालियांकडे गेलो. त्यांना सांगितले की माझ्या हातून एक कलम निसटले आहे, ते घालायला हवे. पण नक्कल तर पुरी झालेली. आता मध्ये जागा कुठली? त्या दौत पुढे सरकवून निघून गेल्या. मी कागद उघडले. तेरावे कलम संपले होते, त्याखाली चार ओळी कोऱ्या, आणि लगेच पंधरावे. चौदावा आकडा कुठेच नाही. मी दिलेल्या कागदांत तर सगळे आकडे सलग होते.

त्या कोऱ्या जागेत मी माझ्या हाताने चौदावे कलम लिहिले. बरोबर चार ओळी लागल्या. नंतर मांडवात ते मीच वाचले, जरा मोठ्यानेच.

सिस्टर आकडे घालताना चुकल्या असाव्यात. मी त्यांना काही बोललो नाही. एवढ्या मेहनतीने नक्कल केलेली. माणसाची चूक कशाला दाखवा.